दत्ताच्या नावावरची सनई

३ नोव्हेंबर १९९७
आप्पांना घरी आणलं. अकरा दिवस दवाखान्यात काढले. डावा पाय ओढत का होईना, चालतात. तोंड मात्र डावीकडून ओघळलेलंच आहे. बोलणं फक्त मला आणि धाकट्या भावाला, दत्ताला कळतं, तेही निम्मं. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सुधारेल. मी सनईचं विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

५ नोव्हेंबर
आप्पांनी खुणेने सनई मागितली. मी पत्ती भिजवून, बसवून हातात दिली. ओठात धरली, पण हवा डाव्या कोपऱ्यातून निसटते. नुसता फस्स आवाज. आणि लाळ. तीनदा केलं. मग सनई माझ्या मांडीवर ठेवली आणि भिंतीकडे वळून झोपले. भावजय रेखा पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.
देवळात पहाटेला बाबूराव एकटेच चौघडा वाजवतायत. सनई बंद. आजोबांच्या वेळेपासून कधी बंद नव्हती, असं दत्ता म्हणतो. म्हणतो खरा. पण त्याची सातपूरच्या कंपनीत फर्स्ट शिफ्ट, आणि दम म्हणाल तर मागे सूर धरण्यापलीकडे त्याचा कधी गेलाच नाही.

८ नोव्हेंबर
संध्याकाळी आप्पांनी माझा हात धरला. बोटांवरून बोट फिरवलं, भोकं मोजल्यासारखं. म्हणाले, जा.
मी म्हटलं, कुठे? माहीत असून म्हटलं.

९ नोव्हेंबर
गेले. पहाटे पावणेपाचला नगारखान्याचा जिना चढले. सतरा पायऱ्या, वरच्या तीन तुटक्या. बाबूराव चौघडा शेकत बसले होते. वर बघून म्हणाले, ‘‘दत्ता कुठाय?’’ मी पत्ती तोंडात धरून बसले. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.
अहिरभैरव. मागे सूर नाही, एकटी सनई ओकीबोकी वाटते. पंधरा मिनिटांत गाल दुखायला लागले. इतकी वर्षं घरात, दार लावून, आप्पांच्या मागे सूर धरून वाजवलं. आई म्हणायची, गाल फुगवून बसलेली बाई बघवत नाही. वर कुणी बघत नाही हे बरं आहे. नगारखाना दरवाज्याच्या डोक्यावर, पुढे जाळी.
आठला बालवाडीत पोचले. पोरांना ‘मोठ्याने म्हणा’ म्हणताना ओठ हलेनात.

२ डिसेंबर
तीन आठवडे झाले. आज कोपऱ्यावरच्या दुकानदाराने दत्ताला थांबवून सांगितलं म्हणे, पोरा, बापाचं नाव राखलंस, सकाळी ऐकून बरं वाटतं. दत्ता घरी येऊन हसत सांगत होता. रेखाने विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? तो म्हणाला, काय म्हणणार, हो म्हटलं.

१४ जानेवारी १९९८
कळलं. देवळाच्या ट्रस्टचे नाना बल्ब बदलणाऱ्याला घेऊन सकाळी वर आले. मी भटियारच्या मध्यात. थांबले नाही, थांबता येईना. नाना कठड्याला धरून उभे राहिले. बल्ब लागला तेव्हा मी सनई खाली घेतली.
त्यांनी विचारलं, मालती, किती दिवस चाललंय? मी सांगितलं. बाबूरावांकडे वळले, तर बाबूराव वादी आवळत बसलेले. नाना वाईट माणूस नाहीत. माझे यजमान गेले तेव्हा बालवाडीतली ही नोकरी त्यांच्याच शब्दाने मिळाली. बराच वेळ विचार करून म्हणाले, ‘‘वाजव. खाली कुणाला दिसता कामा नये. वहीत नाव दत्तात्रयचं राहील.’’
आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, नाव कुणाचं का असेना. सेवा चालू राहू दे.
मलाही तसंच वाटलं. आज तरी.

३० मे
महिन्याअखेरीला दत्ता देवळात जाऊन हजेरीच्या वहीत सही करून येतो. आज त्याने सांगितलं, वहीत दर महिन्याला सलग चार दिवस ‘गैरहजर’ लिहिलेलं आहे. हिशेबनीसाने विचारलं म्हणे, हे दर महिन्याचे चार दिवस जाता कुठे? दत्ता म्हणाला, गावाला.
ते चार दिवस मी जात नाही. नानांनी कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. घरातली शिस्तच आहे ती. बाबूरावांना सांगितलं तर ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. दत्तोबा महिन्याच्या महिन्याला गावाला जातो! मीही हसले. किती दिवसांनी.

२४ मार्च १९९९
उद्या रामनवमी. आज सकाळपासून माझी चार दिवसांची सुट्टी लागली. रेखाने जाऊन नानांच्या घरी निरोप दिला, उद्या सनई नाही. नानांच्या घरून उलटा निरोप आला: उद्या यायचंच. दुपारी बाराला जन्माच्या वेळी सनई नाही असं होणार नाही. आणि मला काही माहीत नाही.
‘मला काही माहीत नाही’ हे नानांनी दोनदा म्हटलं, असं रेखा सांगते.
आप्पांना विचारलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

२५ मार्च
गेले. वाजवलं. पोटात कळा, खाली गुलालाचा धुरळा, उन्हाने जाळी तापलेली. बारा वाजता एकदम घंटा, टाळ, माणसांचा आवाज, आणि मी त्याच्यावर वृंदावनी सारंग. चांगला लागला. खोटं कशाला लिहू, दीड वर्षातला सगळ्यांत चांगला लागला. देवाला चाललं असेल तर माझी हरकत नाही. पण मग बाकीच्या महिन्यांत कुणाला चालत नाही, ते मला कळलं नाही.
प्रसादाची पिशवी नानांनी दत्ताकडे दिली.

११ मे २०००
मखमलाबादचे आण्णा आले होते. त्यांच्या शेतातली फुलं देवळात येतात. मागे एकदा टोपली घेऊन नगारखान्याच्या जिन्यापर्यंत आले होते, तेव्हापासून त्यांना माहीत आहे कोण वाजवतं. कधी कुठे बोलले नाहीत. मुलीचं लग्न काढलंय. म्हणाले, ‘‘बाई, मला कॅसेट नको. देवळात वाजवता तसं माझ्या दारात वाजवा.’’
मी म्हटलं, लोक काय म्हणतील. ते म्हणाले, दार माझं आहे.
आप्पा आतून ऐकत होते. नंतर त्यांनी कपाटातली मोठी सनई काढायला लावली, तांब्याचं तोंड चिंचेने घासायला लावलं. एका हाताने स्वतःच घासत बसले.

२१ मे
काल लग्न झालं. आज लिहिते.
मांडवाच्या तोंडाशी छोटं स्टेज. बाबूराव माझ्याबरोबर, सूर धरायला दत्ता, सुट्टी काढून. पहिल्यांदा लोकांसमोर. निळी साडी नेसले होते. पोरं येऊन माझे गाल बघत उभी राहिली, मग कंटाळून गेली.  सीमांतपूजनापर्यंत दोन तास वाजवलं आणि लोक नेहमीसारखे जेवणाची, गाडीची बोलणी करत होते. तेच बरं वाटत होतं, कुणाला काही विशेष वाटत नाही हे.
नवऱ्याकडचे सटाण्याचे. त्यांच्यातली एक म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली. हातावरून हात फिरवला, कौतुकाने. मग विचारलं, ‘‘तुना मालक काय करस, माय?’’
खोटं बोलता आलं असतं. दत्ता शेजारीच होता. मी म्हटलं, नाहीत. नऊ वर्षं झाली.
तिने हात काढला नाही लगेच. हळूच काढला. उठून गेली. मग बायकांत कुजबुज, मग पुरुषांत. नवऱ्या मुलाचा मामा आण्णांना बाजूला घेऊन गेला. आण्णा त्याच्याशी भांडत होते, मला दिसत होतं. भांडता भांडता मुलीकडे बघितलं त्यांनी, आणि त्यांचे खांदे पडले.
ते स्टेजकडे येईपर्यंत मी सनई पुसून गवसणीत घातली होती. त्यांनी हात जोडले. मी म्हटलं, आण्णा, मुलीचं बघा. मंगलाष्टकांना कॅसेट लागली. आम्ही रस्त्यावर रिक्षा शोधत होतो तेव्हा ऐकू येत होती. वाजवणारा बरा होता.
आण्णांच्या बायकोने धावत येऊन बुंदीचा डबा दिला.  घरी आप्पांनी विचारलं कसं झालं. दत्ता म्हणाला, छान झालं. मी पण म्हटलं, छान.

२ जून
आण्णा दोनदा येऊन गेले, मी घरी नाही असं सांगायला लावलं. राग नाही. काय बोलायचं त्यांच्याशी.
बाहेरची वाजवणी पुन्हा घ्यायची नाही.

१९ फेब्रुवारी २००२
बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही होत नाही. पावणेपाच, सतरा पायऱ्या, ललत नाहीतर अहिरभैरव, घरी, आप्पांची आंघोळ, बालवाडी, संध्याकाळी परत देऊळ. बाबूरावांना आता कमी ऐकू येतं. मी लय वाढवली तर त्यांना कळत नाही, म्हणून मीच त्यांच्या मागे जाते. चाळिशी ओलांडली. खालचा ओठ कडेला कायमचा टणक झालाय. गालावर दोन रेषा. रेखा म्हणते, वन्सं, क्रीम लावा. कशाला.

३० ऑगस्ट २००३
सिंहस्थाची गर्दी. गल्लीतून चालायला जागा नाही. दिवसातून चारदा सनई, नानांचा हुकूम. बालवाडी बंद, त्यामुळे जमतंय. ओठ फुटला, रक्त पत्तीला लागतं, तसंच वाजवते. खालून कुठल्या कुठल्या भाषा ऐकू येतात. जाळीतून नुसती डोकी दिसतात, भिजलेली.
आज वाजवताना एकदम डोळ्यांपुढे काळं झालं. बाबूरावांना कळलं नाही, ते चौघडा वाजवत राहिले. मिनिटभराने मी परत वाजवायला लागले. खाली कुणाच्या लक्षात आलं नाही.

१२ ऑक्टोबर
परवा सिंहस्थात सेवा केलेल्यांचा सत्कार झाला. मंडपात. पुजारी, फुलवाले, झाडू मारणाऱ्या बायकासुद्धा. आम्ही सगळे गेलो होतो. आप्पांना खुर्ची दिली होती. माइकवरून नाव आलं, सनईवादक श्री. दत्तात्रय. दत्ता माझ्याकडे बघत बसला. मी म्हटलं, जा, लोक बघतायत. गेला. शाल, नारळ. टाळ्या बऱ्याच पडल्या.
मीही वाजवल्या. न वाजवता कशी बसणार.
घरी आल्यावर त्याने शाल माझ्या खाटेवर ठेवली. मी घडी करून त्याच्या कपाटात ठेवली. सकाळी परत माझ्या खाटेवर. आता रेखाने उचलून माळ्यावर टाकलीय.

६ मार्च २००४
केबलवाल्यांचा लोकल चॅनेल देवळाच्या नित्यक्रमावर कार्यक्रम करणार आहे. सनईचं शूटिंग परवा. नाना स्वतः घरी आले. दत्ताला म्हणाले, तू पुढे बस, सनई तोंडाला लाव. मालती खांबाआड वाजवेल. पाच मिनिटांचं काम.
दत्ता म्हणाला, नाना, हे बरं नाही दिसणार. नाना म्हणाले, मग काय दाखवू? सहा वर्षं वहीत नाव कुणाचं आहे? सत्कार कुणाचा झाला?
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही अंगात ताकद लागते, आणि मला दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठायचं होतं.

८ मार्च
झालं. खांबाआड सतरंजी टांगली होती, मी तिच्यामागे. मला दत्ताची फक्त पाठ दिसत होती. नवा झब्बा. कानामागून घाम ओघळत होता. कॅमेरावाला म्हणाला, काका, जरा हसा. त्रेचाळीस वर्षांत दत्ता कधी काका झाला नव्हता, आज झाला.
एक चांगलं, की सतरंजीआड डोळे मिटून वाजवलं आणि वाटलं, फरक काय पडतो, जाळी आणि सतरंजीत.

१५ मार्च
संध्याकाळी टीव्हीवर दाखवलं. सगळे बसलो होतो. आप्पा पुढे, पाट टीव्हीच्या अगदी जवळ. दत्ताचे गाल बरोबर फुगत होते. पण मी वरच्या षड्जावरून खाली येत होते आणि त्याची बोटं भलतीचकडे. बाकी कुणाला कळलं नसतं. आप्पांनी पडद्यावर बोट टेकवलं, त्याच्या बोटांवर. एकेक बोट मोजल्यासारखं. मग म्हणाले, बंद कर.
रेखाने बंद केला. आप्पा बराच वेळ काळ्या पडद्याकडे बघत होते. दत्ता उठून बाहेर गेला, चप्पल न घालता.

१७ मार्च
आप्पा दोन दिवस नीट जेवले नाहीत. आज मला जवळ बसवलं. त्यांचं बोलणं सावकाश ऐकावं लागतं. म्हणाले, मी म्हटलं होतं नाव कुणाचं का असेना. मी म्हटलं, हो. म्हणाले, चूक झाली. तेव्हा मला वाटलं होतं मी बरा होईन.
एवढंच. सहा वर्षं हे पोटात होतं त्यांच्या. मला वाटायचं त्यांना वाटतच नाही काही.

२१ मार्च
आप्पांनी दत्ताला रिक्षा आणायला लावली. देवळाच्या ऑफिसात जायचं म्हणाले, मीही यायचं. नानांनी उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं. किती वर्षांनी आलात वगैरे. आप्पा बोलायला लागले. नानांना एक शब्द कळेना. ते दत्ताला म्हणाले, काय म्हणतायत?
मला सगळं कळलं होतं. दत्तालाही. मी मुद्दाम गप्प बसले. दत्ताने एकदा दाराकडे बघितलं, मग टेबलावरच्या वहीकडे, आणि म्हणाला, ‘‘आप्पा म्हणतात, तब्येत आता बरी आहे.’’
आप्पांनी उजवा हात टेबलावर आपटला. पाण्याचा पेला पडला, वही भिजली. हिशेबनीस फडकं घेऊन धावला. आप्पा दत्ताकडे बघत राहिले. रागाने नाही. शिकवताना तान चुकली की थांबून बघायचे, तसं.
दत्ता उठून उभा राहिला. शाळेत उत्तर द्यायला राहतात तसा.
‘‘आप्पा म्हणतात, सनई मालू वाजवते. नाव माझं असलं तरी मी कधीच वाजवली नाही. वहीत तिचं नाव घाला.’’
नाना वही झटकत होते. म्हणाले, अरे, आम्हाला काय माहीत नाही का. पण परंपरेचा हक्क आहे, बाईच्या नावावर आजवर गेलेला नाही, कमिटीपुढे ठेवावं लागेल. आप्पा म्हणाले, ठेवा. हे मात्र नानांना न सांगताच कळलं.
येताना रिक्षात दत्ता माझ्या शेजारी बसला होता. गंगेच्या पुलाजवळ आल्यावर म्हणाला, ताई, मी पहिल्यांदा चुकीचं सांगितलं. मी म्हटलं, दुसऱ्यांदा बरोबर सांगितलंस ना.

३१ मार्च
दत्ताने वहीत सही केली नाही. हिशेबनीस घरी आला होता. दत्ता म्हणाला, मी हजर नव्हतो, सही कसली करू. साधीच गोष्ट, पण त्याचं बोलणं ऐकून रेखाने त्याला दोन पोळ्या जास्त वाढल्या.

२६ जून
कमिटीची मीटिंग झाली नाही, कोरम नव्हता.

९ ऑगस्ट
मीटिंग झाली. विषय घेतला नाही. मंडपाच्या पत्र्यांवर तीन तास गेले.
मी जातेय रोज. बाबूराव गेल्या आठवड्यात जिन्यावर घसरले, घरी आहेत. त्यांच्या जागी मशीन आणलंय. बटण दाबलं की लोखंडी हात नगाऱ्यावर आपटतात, घंटा वाजते. लय नाही, काही नाही, नुसता दणका. त्याच्यावर ललत वाजवून बघितला. मशीन संपेपर्यंत थांबले, मग सुरुवात केली.

४ ऑक्टोबर
पत्र आलं. ठरावाची नक्कल. ‘सनईवादनाची परंपरागत सेवा श्री. दत्तात्रय व त्यांचे कुटुंबीय यांजकडे पूर्ववत चालू राहील.’
दत्ताने मोठ्याने वाचलं. मग म्हणाला, ताई, कुटुंबीय म्हणजे तूच की. समजूत घालायला म्हणाला, त्याला स्वतःलाही पटलं नव्हतं. रेखा भाकरी थापत होती, तिथूनच म्हणाली, ‘‘सात वर्षं वाजवलं त्यांनी. तीन अक्षरं लिहायला जड गेली का कमिटीला?’’
आप्पांनी पत्र मागून घेतलं. त्यांना आता वाचायला दिसत नाही. हातात धरून बसले.
मला राग यायला हवा होता. झोप येत होती.

५ ऑक्टोबर
गेले नाही.
चारला जाग आलीच. उठले नाही. पाचला लांबून मशीनचा दणका ऐकू आला, मग थांबला. मग काहीच नाही. कूस बदलून झोपले. साडेसातला रेखाने हलवून उठवलं, ताप आलाय का म्हणून.

८ ऑक्टोबर
आजारी आहे असा निरोप पाठवू का, दत्ताने विचारलं. मी म्हटलं, नको. आजारी नाही.
 आप्पा सकाळी माझ्या आधी जागे असतात, पडल्या पडल्या माझ्याकडे बघत असतात. मी जावं असं त्यांना वाटतं की जाऊ नये असं, ते मला सांगता येत नाही. त्यांनाही येत नसावं. त्यांच्या वडिलांपासूनची सेवा आहे, आणि ती मी थांबवली. हे मनातून जात नाही.

१३ ऑक्टोबर
नाना आले. एकटेच. उद्या घटस्थापना. बसले, चहा घेतला. थकलेत ते पण. म्हणाले, मालती, कमिटीत अकरा जण आहेत, मी एकटा काय करू. ठरावात कुटुंबीय हा शब्दसुद्धा मी भांडून घालून घेतला. ते खरं असेल. म्हणाले, नवरात्रात तरी ये, दिवाळीनंतर मी परत विषय काढतो.
मी विचारलं, नाही आले तर?
‘‘तर सनईची कॅसेट लावतील. मशीनला जोडता येते म्हणे.’’
धमकी नव्हती ती. तसं होईल, एवढंच सांगत होते. मी म्हटलं, नाव लागलं की त्या दिवसापासून येते. आवाज माझा मलाच बारीक वाटला. नानांनी कप खाली ठेवला. दारात आप्पांच्या पाया पडले, ते वयाने मोठे म्हणून. गेले.
नंतर मी त्यांचा कप विसळून ठेवला. 

१४ ऑक्टोबर
मशीन आणि कॅसेट. ऐकली. भटियार होता. आप्पा म्हणाले, मान हलवून, बरा आहे. वाजवणाऱ्यावर कशाला राग धरायचा.

१९ ऑक्टोबर
नवरात्र म्हणून बालवाडीला सुट्टी. सकाळी गंगेकाठच्या भाजीबाजारात गेले. इतक्या सकाळी बाजार कधी बघितला नव्हता, या वेळी मी वर नगारखान्यात असायचे. दव पडलेली मेथी, कोथिंबिरीचे भारे, बायका पाट्या उतरवत होत्या. एका म्हातारीपाशी बसले. गंगापूरकडची, स्वतःच्या वावरातली भाजी आणते. देवळाकडून मशीनचा दणका सुरू झाला. ती म्हणाली, ‘‘काय हे दणाण दणाण. मागच्या म्हयन्यापातूर खरी सनई वाजायची, आता कॅशेट. लय ग्वाड. तो वाजवनारा मानूस गेला का आजारी हाय, कोन सांगत नाय.’’
मी जुडी हातात घेऊन बसले होते. काय म्हणायचं याचा विचार केला नाही.
‘‘माणूस नाही. मी वाजवायचे.’’
तिने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे, मग हाताकडे. हसली नाही, आश्चर्य वाटलं असं काही दाखवलं नाही. काटा खाली ठेवला.
‘‘बरी हायेस ना?’’
‘‘बरी आहे.’’
‘‘मंग?’’
मागे गिऱ्हाइकं उभी होती. तिला सगळं सांगायचं तर वहीपासून सांगावं लागलं असतं. ती वाट बघत होती, खरंच बघत होती, गिऱ्हाइकांकडे न बघता. मी मेथी पिशवीत टाकली आणि गिऱ्हाइकं गेली की वहीपासून सांगायचं म्हणून तिथेच बसून राहिले.